मांडव्याचे दोन विजय

‘अग्निपथ’मधला विजय कुणा मोठ्या माणसासमोर उभा राहिला की आधी आपले नाव सांगतो. पूर्ण नाव: विजय दीनानाथ चौहान. तेवढ्यावर त्याचे भागत नाही. मग वडिलांचे नाव वेगळे, आईचे वेगळे, गाव मांडवा आणि शेवटी वय. वयही नुसते वर्षांत नाही. महिने, दिवस आणि सध्या चालू असलेला तास इथपर्यंत हिशेब येतो. गुन्हेगारीपटातल्या दादाला बहुधा एखादे टोपणनाव असते आणि ते कानावर पडले की गल्ली रिकामी होते. विजयला टोपणनाव नको आहे. शाळेच्या पटावर लिहिले होते तसेच, बापासकट, त्याला आपले नाव हवे आहे.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला अशी ओळख परकी वाटण्याचे कारण नव्हते. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर इथला माणूस बापाच्या नावासकटच असतो. मुंबईत नव्याने भेटलेल्याला नावानंतर विचारला जाणारा प्रश्न गावाचा असतो. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेला माणूसही ‘आमचं गाव’ म्हणून रत्नागिरीकडचे नाहीतर साताऱ्याकडचे नाव सांगतो. हिंदी सिनेमाच्या नायकाला मात्र पहिले नाव पुरत असे. ‘जंजीर’ आणि ‘दीवार’पासून अमिताभ बच्चन यांनी कितीतरी विजय उभे केले. मांडव्याचा विजय त्या रांगेत उशिरा आला आणि येताना नावापुढे बाप आणि गाव जोडून आला. सगळा चित्रपट त्या जोडण्यातून उलगडतो.

हा पहिला ‘अग्निपथ’ १६ फेब्रुवारी १९९० रोजी प्रदर्शित झाला. निर्माते यश जोहर, दिग्दर्शक मुकुल आनंद, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, संवाद कादर खान यांचे. शीर्षक हरिवंशराय बच्चन यांच्या कवितेवरून घेतलेले. कविता छोटी आहे आणि तिच्यात बंदूक नाही, सूडही नाही. खडतर वाटेवर कुणापुढे हात न पसरता चालत राहण्याचा तो निर्धार आहे. चित्रपटात मांडव्याचे मास्तर दीनानाथ ती आपल्या मुलाला शिकवतात. मास्तरांच्या तोंडी ती नीतीची कविता असते. मुलगा ती पाठ करतो आणि पुढे जन्मभर तिच्याच बळावर अशा वाटेने चालतो, जी मास्तरांना कधी पटली नसती. शब्द बापाचे, चाल मुलाची. हा आणि २०१२ सालचा दुसरा ‘अग्निपथ’, दोन्ही चित्रपटांतला सगळा ताण या एका जागेवर आहे. बापाशी इतका एकनिष्ठ राहिलेला मुलगा बापापासून इतका दूर कसा गेला, हे पाहण्यासाठीच हे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघावेसे वाटतात.

पहिल्या चित्रपटात मास्तरांचा गुन्हा एवढाच की गावाने शहाणे व्हावे असे त्यांना वाटते. कांचा चीना याला मांडव्याचा किनारा हेरॉईनच्या चोरट्या व्यापारासाठी हवा आहे. गावचा जमीनदार दिनकरराव त्याला सामील आहे. मास्तर आड येतात. त्यांना एका गोळीत संपवता आले असते, पण आधी त्यांची अब्रू घेतली जाते. एका बाईला पुढे करून त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले जातात. मग कालपर्यंत ज्यांची पोरे त्यांच्यापुढे बसून अक्षरे गिरवत होती ते गावकरीच त्यांच्यावर तुटून पडतात. आलोक नाथ यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी भीतीपेक्षा आश्चर्य जास्त दिसते. आपण शिकवलेली माणसे आपल्याला ओळखत कशी नाहीत, हेच त्या मास्तरांना कळत नाही.

इथे हात गावाचे आहेत, हे विसरता येत नाही. कट कांचाचा, फूस दिनकररावाची, पण दगड उचलणारे हात ओळखीचे. एका माणसाने बापाला मारले असते तर मुलापुढचा प्रश्न सोपा होता. गावाने मारले तर मुलाने काय करायचे? गाव जाळावे तर तेच बापाचे गाव. सोडून द्यावे तर पूर्ण नाव सांगताना चौथ्या शब्दाला अडखळायला होते. म्हणून मोठेपणी विजय मांडव्याचा सूड घ्यायला निघत नाही, मांडवा परत मिळवायला निघतो. ज्यांनी बापाला बदनाम केले त्यांच्या तोंडून बापाचे नाव नीट घेतले जावे, ही त्याची भूक आहे. पैसा, पांढरा सूट, मोटारी, माणसे हे सगळे त्या भुकेपुढे आणून टाकलेले आहे, आणि त्याने तिचे पोट भरत नाही.

मांडव्याहून आई मुलांना घेऊन मुंबईत येते. छोट्या विजयची भूमिका मंजुनाथने केली आहे. ‘मालगुडी डेज’मधला स्वामी म्हणून तोवर तो घराघरांत माहीत झाला होता. मालगुडीत ज्या डोळ्यांत खोडकरपणा होता त्याच डोळ्यांत इथे न मिटणारी टक आहे. आईवर हात टाकू पाहणाऱ्या माणसाचा पेट्रोल पंप हा पोरगा पेटवून देतो. कायद्याच्या बाजूने त्याला मिळालेला साक्षीदार म्हणजे गायतोंडे. विक्रम गोखले यांनी हा पोलीस अधिकारी फार संयमाने केला आहे. विजयला तुरुंगात टाकावे की जवळ घ्यावे, हा पेच ते संवादाविना, नुसत्या उभे राहण्यातून दाखवतात. बापाच्या जागी येऊ शकला असता असा हा एक माणूस, आणि त्याच्या अंगावर खाकी आहे.

या कथेची एक वंशावळ मुंबईच्या बाहेर जाते. हॉवर्ड हॉक्स यांचा ‘स्कारफेस’ १९३२ सालचा. शिकागोच्या दारूच्या चोरट्या धंद्यात वर चढणारा टोनी, त्याची आई, आणि बहिणीवरचे त्याचे गुदमरवणारे प्रेम. ब्रायन डी पाल्मा यांनी १९८३ साली तो पुन्हा केला तेव्हा शिकागोची मायामी झाली, दारूचे कोकेन झाले, इटालियन टोनीचा क्यूबाहून आलेला टोनी मोंटाना झाला. आपला चित्रपट त्यांनी हॉक्स आणि लेखक बेन हेक्ट यांना अर्पण केला. दोन्हीकडे आई मुलाच्या पैशाला हात लावायला तयार नाही. दोन्हीकडे बहिणीने ज्याच्यावर जीव लावला तो माणूस भावाला सोसत नाही. मुकुल आनंद यांच्या विजयमध्ये टोनी मोंटानाच्या खुणा स्पष्ट दिसतात. पण टोनीला मांडवा नव्हता. त्याला सगळे जग हवे होते; विजयला समुद्रापलीकडचे एक गाव. उधार घेतलेल्या सांगाड्यात कोकणाच्या किनाऱ्यावरचे गाव ठेवताच तो सांगाडा वेगळ्याच वजनाने उभा राहिला.

विजयचा आवाज ही पहिल्या ‘अग्निपथ’मधली सर्वांत धाडसी गोष्ट. रेडिओने नाकारलेला आणि नंतर देशाने डोक्यावर घेतलेला तो खर्जातला आवाज बच्चन यांनी या चित्रपटात बाजूला ठेवला. त्याऐवजी घशात खरवडत येणारा, शब्द चावून सोडणारा आवाज लावला. ‘द गॉडफादर’मधल्या मार्लन ब्रँडोची आठवण त्या वेळी अनेकांना झाली. चित्रपटगृहातल्या बऱ्याच प्रेक्षकांना मात्र तो आवाज झेपला नाही. ध्वनियंत्रणेत बिघाड आहे अशा तक्रारी झाल्या. ज्याला आपण ऐकायला आलो तोच ऐकू येत नाही, अशी ती नाराजी होती आणि ती समजण्यासारखी आहे.

तरीही चित्रपट पुन्हा पाहताना त्या आवाजाचे मोल कळते. विजय जे काही बोलतो ते आत कुठेतरी अडकून, सोलवटून बाहेर येते. गायतोंडेंना तो सांगतो की आज संध्याकाळी आपली मृत्यूशी अपॉइंटमेंट आहे. तेव्हा हे वाक्य टाळीसाठी लिहिले आहे हे कळूनही अंगावर येते, कारण त्या आवाजात फुशारकीच्या खाली थकवा आहे. काजळ घातलेले डोळे, जरा पुढे झुकलेली मान, बोट नाचवत बोलण्याची लकब आणि हा आवाज. सत्तेचाळिशीतला नट आपली लोकप्रिय छबी स्वतःच खरवडून काढत होता. पुढे हाच आवाज नकलाकारांचा आवडता झाला. ज्या आवाजाला पहिल्यांदा दोष समजले गेले, तो आज अनेकांच्या मनात त्या व्यक्तिरेखेपासून वेगळा काढताच येत नाही.

आई सुहासिनीची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारणाऱ्या या अभिनेत्री पडद्यावरच्या आपल्या मुलापेक्षा वयाने आठ-एक वर्षांनी लहान होत्या. पडद्यावर ते एकदाही जाणवत नाही. त्या आवाज चढवत नाहीत, छाती पिटत नाहीत. हिंदी सिनेमातली आई मुलाला शाप तरी देते नाहीतर कवटाळते. ही आई मुलाकडे नीट बघते आणि गप्प राहते. ते बघणे विजयला गोळीपेक्षा जास्त लागते.

जेवणाचा प्रसंग त्यामुळेच लक्षात राहतो. ज्या घरात विजयला जागा नाही त्या घरी तो जेवायला बसतो. मराठी घरात बाहेरून आलेल्याला जे पहिल्यांदा सांगतात ते हात धुण्याचे, आणि आई हाताचाच विषय काढते. तिच्या बोलण्यात हातांवरचा मळ वेगळा आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. मग विजय फुटतो. आपले हात घाण आहेत तर ज्यांनी बापाला मारले त्यांचे कसे होते, पोटासाठी मुंबईत उघड्यावर पडलेल्या पोराला कुणाचे हात मिळाले, असे तो आईपुढे मांडत सुटतो. बोलण्यात राग आहे, पण खाली निव्वळ विनवणी आहे. आईने एकदा म्हणावे की बाळ, तुझे चुकले नाही. आई तसे म्हणत नाही. ताट समोर तसेच राहते. इतक्या गोळीबाराच्या चित्रपटात सर्वांत हिंसक जागा ही, आणि तिथे शस्त्र म्हणून काही नाही.

आईच्या या नकारामुळे विजयची शोकांतिका खरी होते. मांडवा मिळवण्यासाठी त्याने जे केले त्यामुळेच तो मास्तरांच्या घरातून बाहेर पडला. पूर्ण नाव सांगण्याचा हक्क कमावता कमावता तो हक्क गमावला गेला. आई त्याला हेच सांगते आहे, आणि त्याला ते कळते. कळूनही तो थांबू शकत नाही.

या काळ्या कथेत मिथुन चक्रवर्ती यांचा कृष्णन अय्यर एम. ए. येतो तो उघड्या खिडकीसारखा. लुंगी नेसून शहाळी विकणारा हा दाक्षिणात्य माणूस आपल्या नावाला पदवी जोडतो. विजय नावाला बाप आणि गाव जोडतो, तर अय्यर शिक्षण. गोळ्या लागून पडलेल्या विजयला तोच उचलून इस्पितळात नेतो. परिचारिका मेरी मॅथ्यूची, म्हणजे माधवीची, विजयशी गाठ तिथे पडते. पुढे बहीण शिक्षाला अण्णा शेट्टीच्या तावडीतून अय्यर सोडवतो आणि तिच्या प्रेमात पडतो. अण्णा शेट्टी साकारणाऱ्या दीपक शिर्के यांचा दरारा या एका भूमिकेने देशभर पोचला. अय्यरच्या उच्चारांवर केलेला विनोद आज थोडा ढोबळ वाटतो. पण त्या माणसाचे असणे चित्रपटाला लागते. मुंबईत कुठूनतरी आलेला, काही न कमावलेला आणि तरी कुणाचे काही न बिघडवता जगणारा माणूस विजयसमोर सतत वावरत राहतो. दुसरी वाट होती, हे सांगायला चित्रपटाला भाषण करावे लागत नाही.

आणि एक गाणे आहे, ‘गणपती अपने गाँव चले’. विसर्जनाची मिरवणूक, गुलाल, ढोल. मुंबईच्या चाकरमान्याला गणपती म्हणजे गावी जाण्याचे दिवस. वर्षभर लालबाग-परळात राहिलेला माणूस त्या चार-पाच दिवसांत कोकणातल्या घरी पोचतो. देवही आपल्या गावी निघाला आहे असे सारे शहर नाचत गात असताना, ज्याला आपल्या गावी जाता येत नाही असा माणूस त्या शहराचा दादा आहे. गाणे लिहिताना हा विचार झाला असेल की नाही, ते असो. पडद्यावर तो अर्थ उभा आहे. विजय हा गावी जाऊ न शकलेला चाकरमानी आहे. आणि मांडवा काही मुलखावेगळा दूर नाही. रायगड जिल्ह्यातले, अलिबाग तालुक्यातले हे गाव मुंबई बंदराच्या समोरच आहे. गेटवेहून लाँचने तासाभराची वाट. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मोटारींसकट तिथे जाते. शनिवार-रविवारी मुंबईचे श्रीमंत लोक तिकडच्या बंगल्यांकडे निघतात. चित्रपटातल्या विजयला मात्र हे तासाभराचे पाणी ओलांडायला सबंध आयुष्य लागते.

‘अग्निपथ’ तिकीटबारीवर पडला. त्याआधी दोनच महिने ‘मैंने प्यार किया’ आला होता आणि प्रेक्षक कोवळ्या प्रेमकथांकडे वळले होते. रक्ताने माखलेला, घसा खरवडून बोलणारा प्रौढ नायक त्या हवेत बसत नव्हता. बच्चन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिथुन यांना सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार. चित्रपटाचे दिवस नंतर आले, व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर. मुकुल आनंद १९९७ साली गेले, यश जोहर २००४ साली. वडिलांच्या जिवाला लागलेले ते अपयश मुलगा करण जोहर याच्या मनात राहिले, आणि त्याने निर्माता म्हणून ‘अग्निपथ’ पुन्हा करायला घेतला. बापाच्या नावाला लागलेला डाग मुलाने धुऊन काढायचा, ही कथेतली गोष्ट कथेबाहेरही घडत होती.

दुसरा ‘अग्निपथ’ २६ जानेवारी २०१२ रोजी आला. दिग्दर्शक करण मल्होत्रा, विजयच्या भूमिकेत हृतिक रोशन. पहिल्या दिवसाच्या कमाईचा त्या वेळचा विक्रम त्याने मोडला. बांधणी पाहिली तर हा चित्रपट पहिल्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवे. पहिल्या चित्रपटाची कथा अधूनमधून रेंगाळते, गाणी वाटेत येतात, काही प्रसंग कुठून कुठे जातात ते कळत नाही. दुसऱ्यात प्रत्येक प्रसंग पुढच्याला ढकलतो.

फरक सुरुवातीलाच पडतो. इथला मांडवा मुंबईसमोरचे गाव राहिलेला नाही, तो जगापासून तुटलेले बेट झाला आहे. चित्रण दीवला झाले. काळे खडक, फेसाळ लाटा, किल्ल्यासारख्या भिंती. कांचा आता गावच्या मुखियाचाच मुलगा आहे. मिठागराच्या नावाखाली त्याला गावकऱ्यांच्या जमिनीवर कोकेनचा धंदा उभारायचा आहे. मास्तरांवर एका मुलीच्या बलात्काराचा आणि खुनाचा खोटा आळ येतो. गाव इथेही फसते, इथेही हात उगारते. पण शेवटचा दोर कांचाच्या हातात आहे. तो मास्तरांना वडाला फासावर लटकवतो, आणि पोरगा ते बघतो.

दगडाऐवजी दोर आला आणि गावाऐवजी एक माणूस, एवढ्या बदलाने कथेचा कणा हलतो. आता दोषाला एक चेहरा आहे, आणि सूडाला एक ठिकाण. गाव फसवले गेलेले, बिचारे. त्याच्याशी विजयचा हिशेब उरत नाही. पहिल्या विजयला जे कधीच फेडून घेता आले नसते ते या विजयला फेडून घेता येते. ज्या झाडाला बाप लटकला त्याच झाडाला तो शेवटी कांचाला लटकवतो. वर्तुळ पुरे होते, प्रेक्षक श्वास सोडतो. हे समाधान मोठे आहे, आणि पहिल्या चित्रपटाने ते कधीच दिले नव्हते.

कांचामध्ये झालेला बदल याच दिशेचा आहे. डॅनी डेंझोंग्पा यांचा कांचा चीना नीटस सूट घालतो, काळा चष्मा लावतो, आवाज चढवत नाही. माणूस मारणे हा त्याच्या लेखी व्यवहार आहे. असा माणूस मुंबईच्या एखाद्या क्लबात शेजारच्या टेबलावर बसलेला दिसू शकतो, आणि भीती त्याचीच वाटते. संजय दत्त यांचा कांचा असा कुठे दिसणार नाही. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, अंगभर गोंदलेले, तोंडी गीतेतली वचने. लहानपणी रूपावरून चिडवले गेल्यामुळे त्याला आरशाचा तिटकारा आहे. हा दशावतारातला राक्षस आहे, दणदणत येणारा, आणि अभिनेत्याने त्यात जीव ओतला आहे. पण राक्षसाशी युद्ध होते, सौदा होत नाही. पहिल्या कांचाशी सौदा करता करता विजय त्याच्यासारखा होत जातो; दुसऱ्या कांचासारखे होण्याचा धोका कुणालाच नाही.

दुसऱ्या चित्रपटाचे सर्वांत चांगले पात्र मात्र मूळ चित्रपटात नव्हतेच. रौफ लाला. मटणाच्या धंद्याआड अमली पदार्थ आणि लहान मुली विकणारा, डोळ्यांत सुरमा घालणारा म्हातारा. प्रेमगीते गात ज्यांची कारकीर्द गेली त्या ऋषी कपूर यांनी तो केला, आणि पहिल्या प्रसंगापासून ते ओळखूच येत नाहीत. लालाला आपल्या मुलांवर खरे प्रेम आहे आणि दुसऱ्यांच्या मुली बाजारात उभ्या करताना त्याचा हात थरथरत नाही. या दोन गोष्टी एका देहात नांदू शकतात, हे ऋषी कपूर कसलाही गाजावाजा न करता दाखवतात. डॅनीच्या कांचातली माणसासारखी भीती इथे लालाकडे आली आहे. त्याच्या दाराशी वाढलेला विजय पोटात हेतू दडवून वर्षानुवर्षे राबतो आणि शेवटी त्यालाच संपवतो. आपल्याला ज्याने आसरा दिला त्याचा घात करावा लागतो, ही जागा पहिल्या चित्रपटात नाही, आणि ती असायला हवी होती असे वाटते.

हृतिकचा विजय बोलत नाही. पहिल्या विजयचे सगळे बळ जिभेत होते. याचे खांद्यांत आणि डोळ्यांत. तो दबून उभा राहतो, मान खाली घालतो, थांबतो. पूर्ण नावाची ती प्रसिद्ध ओळख या चित्रपटात जपून, राखून वापरली आहे, कारण या विजयसाठी नाव म्हणजे शेवटी काढायचे हत्यार आहे. बच्चन यांची नक्कल करायची नाही हा निर्णय शहाणपणाचा होता. पण त्याबरोबर एक वस्तू गेली. पहिला विजय ऐकणाऱ्याला छळत होता. त्याच्या बोलण्यातून त्याची बाजू कळायची आणि ती पटता पटता भीती वाटायची. दुसऱ्या विजयची बाजू आधीपासूनच पटलेली असते.

आईच्या बाबतीत हेच झाले. झरीना वहाब यांची सुहासिनी मुलाच्या हातून खून झालेला पाहते आणि मुलीला घेऊन त्याच्यापासून दूर होते. नकार इथेही आहे, वेदनाही. पण मायलेकांचा वाद होत नाही. हातांबद्दलचे ते जेवणाच्या ताटावरचे भांडण या चित्रपटाला नकोच होते, कारण त्याला वादच घालायचा नाही. कृष्णन अय्यर गेला, मेरीच्या जागी प्रियांका चोप्रा यांची काली गावडे आली. वस्तीतली, पार्लर चालवणारी, विजयवर वर्षानुवर्षे मुकाट जीव लावणारी मुलगी. लग्नाच्या मांडवातच ती गोळीला बळी पडते. प्रसंग हृदयद्रावक आहे. मात्र अय्यर गेल्यामुळे मुंबईतला तो मोकळा वारा गेला, आणि विजयसमोर दुसरी वाट दाखवणारे कुणी उरले नाही.

मराठी कान मात्र दुसऱ्या चित्रपटात जास्त रमतो, आणि त्याचे श्रेय अजय-अतुल यांना. ‘जत्रा’ या २००६ सालच्या मराठी चित्रपटातले त्यांचे ‘कोंबडी पळाली’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक वरातीत वाजून झाले होते. तीच चाल ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली. ‘देवा श्री गणेशा’मध्ये अजय गोगावले यांचा आवाज फाटेल की काय इतका वर चढतो. ढोल-ताशा स्टुडिओत वाजवलेला वाटत नाही, लक्ष्मी रोडवर उभे असल्यासारखे छातीत आदळते. पहिल्या चित्रपटातल्या मिरवणुकीत हसतखेळत निरोप होता, इथे रणवाद्य आहे. दोन्हीकडे गणपतीच, पण एकीकडे तो गावी निघालेला, दुसरीकडे विजयच्या पाठीशी उभा राहिलेला.

शेवट दोघांचा वरवर सारखा आहे. मांडवा पेटलेला, कांचा संपलेला, विजय आईच्या मांडीवर प्राण सोडतो. पण ‘स्कारफेस’मधल्या टोनीला मरताना मांडी मिळत नाही, पहिल्या टोनीला रस्ता मिळतो, दुसऱ्याला आपल्याच हवेलीतला पाण्याचा हौद. विजयला दोन्ही वेळा आई मिळते, आणि ही भर पूर्णपणे इकडची आहे. दुसऱ्या चित्रपटात आईची मांडी म्हणजे कामगिरी पार पाडून आलेल्या मुलाला मिळालेली विश्रांती. त्या क्षणी आईच्या मनात काही शंका उरली असेल असे वाटत नाही. पहिल्या चित्रपटात विजय मरता मरताही आईला आपली बाजू पटवू बघतो, तिच्याकडून एक होकार मिळतो का पाहतो. रोहिणी हट्टंगडी त्याला जवळ घेतात, रडतात. आईने त्याला माफ केले हे दिसते. तिला त्याचे पटले का, याचे उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर नाही. आणि ज्या गावकऱ्यांनी एकेकाळी मास्तरांवर हात उचलला होता, त्यांच्याकडे कुणी वळून विचारणा केलेली दोन्ही चित्रपटांत दिसत नाही.